प्रभावळीवरचं लाल

आई,

परवा हॅम्बर्गला जाऊन ते चित्र पुन्हा बघून आले. तुमचं चित्र, असंच मी मनात म्हणते, जरी ते कधी तुमचं नव्हतं आणि आपल्या कुणाचंच नव्हतं. ब्राउनश्वाइगच्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, त्यांच्या बैठकीच्या खोलीत काळ्या कपाटाच्या वर ते टांगलेलं असायचं. लाकडाच्या फळीवर रंगवलेली निळं वस्त्र घेतलेली आई, मांडीवर मूल, आणि मागं सगळं सोनं. ते इटलीतलं आहे, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं, रंगवणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, असं आता लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापून आलं आहे. शनिवारी लिलाव आहे. त्याआधी, म्हणजे उद्या दुपारपर्यंत, मला एक कागद लिहून द्यायचा आहे की मरीयेच्या डोक्यामागच्या सोन्याच्या प्रभावळीवर जो लाल डाग आहे तो कसा पडला आणि कुणी पाडला. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा कपडे वाळत घातले, एकदा उगाचच खाली जाऊन टपालपेटी बघून आले, आज रविवार आहे हे माहीत असून. जर्मन आता अडत नाही मला. अडतं ते दुसरंच, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

गेल्या महिन्यात मालकीणबाईंच्या मुलीचा फोन आला. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, शाळेतून निवृत्त झालेली. गुडघ्यांमुळे आता वृद्धांच्या घरात राहायला चालली आहे, तिथं एक खोली मिळणार, तेव्हा सामान काढायला घेतलं आहे. आईचा इटालियन विकायला दिला म्हणाली. त्या दोघी चित्राला नेहमी असंच म्हणायच्या, इटालियन, जसं एखाद्या जुन्या बिऱ्हाडकरूबद्दल बोलावं. घरातलं कुणी देवभोळं नव्हतं. मग ती म्हणाली, आल्झो, म्हणजे तर मग, लिलाववाले त्या लाल डागाबद्दल विचारताहेत, आई तर नेहमी सांगायची की तुझ्या सासूनं भारतातला रंग लावला होता, तू तेव्हा तिथं होतीस, तर तेवढं लिहून सही करून देशील का, म्हणजे त्यांना ते कॅटलॉगच्या पुरवणीत घालता येईल. मी देते म्हणाले. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हटलं आहे. तुमचं नाव छापून येणार. नाव नाही तर नातं. बिऱ्हाडकरणीच्या सासूनं चित्र खराब केलं, असं.

तुम्ही आलात तो जानेवारी मला कालच्यासारखा दिसतो. माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपणाला तुम्ही आलात, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, एकट्या. सासूबाई म्हणू नकोस, परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं, असं तुम्ही मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं, तेव्हा विमानतळावर मी लांबूनच आई म्हणून हाक मारली. तुमच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डिंक, खारीक, आळीव, आणि माझ्यासाठी एक पितळी करंडा, त्यात सांगलीच्या देवळाबाहेरचं कुंकू. फेब्रुवारीत मुलगी झाली. बर्फातून तुम्ही पायमोजे आणि चपला घालून कचरा टाकायला जायचात आणि शेजारपाजारचे पडदे बाजूला करून बघायचे. हे वोल्फ्सबुर्गच्या गाडीच्या कारखान्यात, पहाटे जायचे ते अंधारात परत यायचे. दिवसभर आपण दोघी आणि तो लहान जीव. मला त्या दिवसांत तुमचा फार आधार वाटायचा आणि फार रागही यायचा. तुमचं मोठ्यानं बोलणं, जिन्यात हिंगाचा वास. तो सगळा तुमच्यामुळे येतो, आणि घर गेलं तर तुमच्यामुळे जाईल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ते घर मिळेपर्यंत किती दारं आमच्या तोंडावर, फार सभ्यपणे, बंद झाली होती ते ह्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मीही नाही.

एप्रिलमध्ये मालकीणबाई तीन आठवडे कूरला गेल्या, म्हणजे हवापालटाला आणि औषधी पाण्याच्या आंघोळींना, डॉक्टरच पाठवतात इथले. किल्ली आमच्याकडे ठेवली, कुंड्यांना पाणी घालायला. मला बाळ होतं म्हणून ते काम तुम्ही घेतलंत. रोज सकाळी आंघोळ करून खाली जायचात आणि पाच मिनिटांचं काम असून अर्ध्या तासानं वर यायचात. एकदा म्हणालात, बाईच्या घरात देवी आहे गं, लेकुरवाळी, आणि समोर साधी पणती नाही. मी म्हटलं, ती त्यांची आहे, तुम्ही फक्त पाणी घाला. बरं म्हणालात.

चैत्रगौरीचं मला आठवलंही नव्हतं. इथं कुठला चैत्र. त्या शुक्रवारी मी मुलीला पाजून उठले तर स्वयंपाकघरात डाळ वाटल्याचा वास. मागच्या बागेत मालकीणबाईंचा राबार्बर नुकता वर आला होता, त्याचे लाल आंबट देठ तुम्ही चाखून बघितले होते आणि कैरीची मावसबहीण दिसते म्हणाला होतात. त्याचीच डाळ केली होतीत, त्याचंच पन्हं. तुम्ही धुवट लुगडं नेसला होतात. जरा खाली येतेस का, म्हणालात, तुमचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. एखादी मुलगी काहीतरी दाखवायला घेऊन जाते तसा.

खाली काळ्या कपाटावर माझं स्टीलचं ताट, त्यात भिजवलेले हरभरे, डाळ, पन्ह्याचा पेला, बागेतल्या कुठल्याशा झुडपाची पिवळी फुलं आणि एक मेणबत्ती. आणि वर, त्या बाईच्या कपाळाला नाही, तोंडाला हात लावायचा तुम्हाला धीर झाला नसावा, पण कपाळाच्या बरोबर वर, प्रभावळीच्या सोन्यावर, कुंकवाचं एक बोट.

हे तुमच्यासाठी काय होतं ते तेव्हा मला दिसायला हवं होतं. लग्नानंतरचा एक चैत्र मी सांगलीला काढला होता. तुमच्या जाऊबाईंच्या घरी गौर मांडलेली, आळीतल्या पन्नास बायका येऊन गेल्या, आणि ती सगळी डाळ तुम्ही मागच्या खोलीत बसून वाटलीत. तुम्ही बाहेर आला नाहीत. कुणी नको म्हणालं नाही, बोलवलंही नाही. मामंजी गेले तेव्हा तुम्ही एकोणतीस वर्षांच्या होतात, हे चार वर्षांचे, आणि तेव्हापासून दर चैत्रात तुम्ही मागच्या खोलीत. ब्राउनश्वाइगच्या त्या बंद घरात, जिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, तुम्ही त्यानंतर पहिल्यांदा आपल्या हातानं एका लेकुरवाळीला हळदीकुंकू केलंत. मला बोलावलंत ते सवाष्ण म्हणून, ओटी भरायला. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मला फक्त डाग दिसला.

मी वर पळाले आणि भांडी घासायचा ओला फडका घेऊन आले, साबणासकट. आपल्याकडे तसबिरीला काच असते. काचेवर गंध लावायचं आणि दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसायचं, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. या चित्राला काच नव्हती हे मला दिसत होतं आणि तरी माझा हात काच पुसावी तसाच चालला. तुम्ही म्हणालात, "अगं राहू दे, कोरडंच आहे ते. फुंकर मारलीस तरी जाईल." मी ऐकलं नाही. कुंकू पहिल्या हातातच गेलं असणार. पण सोन्यावर लाल दिसत राहिलं, आणि जितकं चोळावं तितकं ते पसरत गेलं, नाण्याएवढं झालं, मग तळहाताएवढं. फडका बघितला तर त्यावर पिवळी चमक. तेव्हा थांबले.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी रडत होते. काय झालं विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून झालं. हिला काही बोलू नकोस, ओली बाळंतीण आहे." मी काही बोलले नाही. हे तुम्हाला फारसे रागावले नाहीत, पण जेवले नाहीत. हे आपलं घर नाही आई, एवढंच म्हणाले, आणि तुम्ही मान हलवलीत.

मालकीणबाई परत आल्या तेव्हा आपण तिघं खाली गेलो, ह्यांनी कोट घातला होता. दुरुस्ती करून देतो म्हणाले. बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग 'ना या' म्हणाल्या, म्हणजे आपण जाऊ दे म्हणतो तसं, याच्यावर आधीच काय कमी बेतलंय. रागावल्या नाहीत. पण त्यांना जाणून घ्यायचं होतं, यांनी असं का केलं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. मी तुम्हाला मराठीत विचारलं. तुम्ही म्हणालात, सांग त्यांना, सणाचा दिवस होता, मूल घेऊन बसलेली बाई घरात एकटी, तिला कुणीतरी विचारायला नको का. मी जर्मनमध्ये सांगितलं की त्या खेड्यातल्या आहेत, जुन्या काळच्या, त्यांना समजत नाही. सांगलीचं खेडं मी केलं. बाईंनी तुमच्या खांद्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचं बोलणं लांब होतं आणि माझं आखूड, ते तुमच्या लक्षात आलंच असणार.

मे महिन्यात तुम्ही ठरल्याप्रमाणे परत गेलात. पुढं दर वर्षी हे बोलवायचे आणि तुम्ही नको म्हणायचात, थंडी सोसत नाही म्हणून. सहा वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मुलीची शाळा म्हणून हे एकटेच सांगलीला आले.

मागं राहिली ती गोष्ट, आणि ती विनोदी झाली. आजीनं मरीयेला टिकली लावली. ह्यांनीच ती तशी केली, प्रेमानं, तुमची आठवण म्हणून. दर नाताळला कुणीतरी ती काढायचं. मालकीणबाईंच्या मुलीनं ती आपल्या शाळेत सांगितली, माझ्या मुलीनं आपल्या जर्मन नवऱ्याला सांगितली, आता नात सांगते, तुम्हाला ती उरओमा म्हणते, म्हणजे पणजी, आणि टिकली कुठं लावली ते आपल्या कपाळावर बोट टेकवून दाखवते. सगळे हसतात. मी केक कापते.

अजून एक सांगायचं आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली, पण इथल्या सार्वजनिक वाचनालयानं मला वाचायला लावलं. आधी मुलीबरोबर चित्रांची पुस्तकं, मग पाकशास्त्राची, मग हाताला लागेल ते. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी जुन्या इटालियन चित्रांवरचं एक जाड पुस्तक मी कपाटातून काढलं. मुद्दाम काढलं. त्यात लिहिलं होतं की सोन्याचा वर्ख नुसत्या लाकडावर बसत नाही, त्याच्याखाली लाल मातीचा गुळगुळीत थर देतात, आणि जिथं वर्ख झिजतो तिथं ती माती दिसू लागते. सोबत एक फोटो होता, दुसऱ्याच कुठल्या चित्राचा, पण तोच लाल. मी ते पान दोनदा वाचलं. म्हणजे तो डाग तुमच्या कुंकवाचा नव्हताच. तुमचं कुंकू त्या दिवशीच पुसलं गेलं होतं. मी कुंकू समजून जे चोळत राहिले ते चित्राचं स्वतःचं होतं, खालचं. मी पुस्तक जागेवर ठेवून दिलं, आणि घरी येऊन ह्यांना काही सांगितलं नाही. त्यानंतर वीसेक नाताळ झाले. चार वर्षांपूर्वी हे गेले, तेही आईच्या हातून झालं असंच समजून.

लिलावाआधी चित्रं लोकांना बघायला ठेवतात. मुलगी म्हणाली, चल, आजीची टिकली बघून येऊ. हॅम्बर्गला पाऊस होता, नेहमीप्रमाणे. मोठी पांढरी खोली, ओळीनं चित्रं, माणसं हात मागं बांधून फिरताहेत. ती बाई मला घरी होती त्याहून लहान वाटली. खाली ते काळं कपाट नाही, कुंड्या नाहीत. मुलाचा हात तिच्या गळ्याशी आहे हे मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. तिथं एक तरुण बाई होती, चित्रांची जाणकार, तिनं छोटा दिवा तिरका धरून आम्हाला डाग दाखवला. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, इथं, म्हणाली. हा वरून लागलेला रंग नाही, हे आतलं आहे. कोरडी पूड असती तर मऊ ब्रशनं निघाली असती, सोन्याला काही झालं नसतं. हे कुणीतरी ओल्या फडक्यानं चोळलं आहे, आणि बराच वेळ. माझी मुलगी हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली की मग आमच्या आजीनं लावलंही आणि घाबरून पुसलंही असणार. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी चित्राकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाही, आई. मी सत्तरीला आले आहे, मला घरातून काढणारं आता कुणी नाही, तरी बोलले नाही.

आत्ता मध्येच उठून मुलीला फोन केला. वाटलं, तिला आधी सांगितलं तर कागद लिहिता येईल. सगळं सांगितलं, फडका, साबण, पुस्तकसुद्धा. ती नेहमीसारखी जर्मनमध्ये बोलत होती. आता कुणाला त्याचं काय, म्हणाली, चाळीस वर्षं होत आली, तू तेव्हा केवढी होतीस, घाबरली असशील. मला वाटलं संपलं. मग ती मराठीत म्हणाली, तिला येतं तसं, तुटक, "पण तू आजीला का सांगू दिलं?" मी म्हटलं, त्यांनी स्वतःहून सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण तू का दिलं?" नातीला मीच सांगायचं असं ठरलं. पुढच्या रविवारी ते येणार आहेत.

त्यानंतर कागद लिहून झाला. अर्धं पान आहे. चित्रावर माझ्या सासूबाईंनी आमच्या पूजेतली कोरडी लाल पूड एका बोटानं लावली, ती सहज निघाली असती, त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. ओल्या फडक्यानं आणि साबणानं मी चोळलं. नुकसान माझ्या हातून झालं. त्यांचा त्यात दोष नाही. खाली सही. मालकीणबाईंच्या मुलीला वेगळं लिहिलं, की तुमच्या आईला मी त्या दिवशी खोटं भाषांतर करून दिलं, आणि खरं काय होतं तेही लिहिलं, मूल घेऊन बसलेली बाई एकटी होती, ते. कागदाचा फोटो काढून दोन्ही ईमेलनं पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं. मला माफ वगैरे केलेलं नाही तिनं, त्याबद्दल काही म्हणालीच नाही. तिनं एवढंच लिहिलं आहे की कूरहून परतल्यावर तिची आई कधीमधी त्या चित्राखाली मेणबत्ती लावायची आणि का ते सांगायची नाही.

आता मन शांत व्हायला हवं होतं. होत नाही. दोन वेळा हात धुऊन आले. कारण त्या कागदात एक गोष्ट नाही, आणि मुलीलाही मी ती सांगितलेली नाही. चोळून चोळून लाल जाईना तेव्हा मी तुमच्याकडे वळून जे बोलले ते. "तुम्ही कुंकवाला हात लावायचा नसतो, एवढंही कळत नाही?" असं मी म्हणाले. फडका हातात होता माझ्या. तो करंडा तुम्ही अजून हातातच धरला होतात, तो ताटात ठेवलात, आणि पदराला बोट पुसलंत. माझ्यासाठीच आणला होतात तो, सांगलीहून.

हे गेल्यावर तेराव्या दिवशी मी पुन्हा कुंकू लावलं. ठरवून नाही, आरशासमोर उभी राहिले आणि हात गेला. इथल्या मराठी मंडळातल्या मुली मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आठवणीनं बोलावतात, काकू आल्याशिवाय सुरू करत नाहीत. मी जाते. कपाळ पुढं करते. यंदा त्यांनी करंडा माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, काकू, तुम्हीच लावा सगळ्यांना. मी लावलं. जवळजवळ वीस जणींना. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर, आई, त्या वेळी मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.